घटीचा रकाना

लासलगावात कांद्याचा हिशेब लिहिणाऱ्या माणसाला कांदा क्विंटलमध्ये दिसतो. आवक, भाव, हमाली, तोलाई, वाराई, गोण्या, गाडीभाडं. आशियातली सर्वांत मोठी म्हणून ओळखली जाणारी ही कांद्याची बाजारपेठ, आणि तिथल्या एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर मी वह्या लिहिते. मार्च-एप्रिलात काढलेला उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत भरायचा आणि भाव बघत दिवाळीपर्यंत थोडा थोडा काढायचा. भरताना वजन, काढताना वजन. ही दोन वजनं कधीच जुळत नाहीत. मधला फरक ‘घट’ या रकान्यात जातो. कधी चौथा हिस्सा, पावसाळा वाईट गेला तर तिसरा, एखाद्या वर्षी त्याहूनही जास्त.

बाकी प्रत्येक रकान्याला पावती असते, घटीला नसते. चोरी नाही, विक्री नाही, तरी माल कमी. शेठ म्हणतात, “ताई, कांदा सुकतो, सडतो, कोंब येतात. लिहा घट.” मी लिहीत गेले, पण तो आकडा मला नेहमी सलत राहिला. नाशिकच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राच्या विभागाने सर्वसामान्य लोकांसाठी रविवारचा मायक्रोस्कोपचा वर्ग सुरू केला, तेव्हा मी नाव नोंदवलं ते हाच प्रश्न घेऊन. माझं शिक्षण कॉमर्सचं. जीवशास्त्राशी संबंध दहावीला सुटला. त्यातलं एकच टिकून राहिलं होतं, ते म्हणजे पेशीची आकृती. मधोमध केंद्रक, भोवती तंतुकणिका, गॉल्जी संकुल, रिक्तिका, लयकारिका, आणि प्रत्येकाकडे जाणारी नावाची रेघ. मायक्रोस्कोपला डोळा लावला की ते चित्र समोर येणार, नावं तेवढी नसणार, अशी माझी पक्की समजूत होती.

आमच्या टेबलावरचा मायक्रोस्कोप अंबाल्याचा. हरियाणातल्या या गावात शाळा-कॉलेजांची वैज्ञानिक उपकरणं पिढ्यान्‌पिढ्या बनतात. एका डोळ्याने पाहायचा, खाली आरसा असलेला, जुन्या घडणीचा. खिडकीतून येणारा उजेड आरशाने वर पाठवायचा. वर्ग घेणाऱ्या मॅडमनी कांद्याच्या आतल्या पाकळीवरचा पापुद्रा चिमट्याने ओढून काढला, पाण्याच्या थेंबात पसरला, वर कव्हरस्लिप ठेवली आणि म्हणाल्या, “बघा.”

पाहिलं तर काळोख. डोकं जरा हललं तर माझ्याच पापण्यांच्या काळ्या रेघा. मग उजेडाचं एक वर्तुळ सापडलं आणि त्यात काहीच नव्हतं. नुसता पांढरा लखलखाट. बराच वेळ स्क्रू फिरवल्यावर एक गोष्ट ठसठशीत दिसली: अगदी गोल, जाड काळ्या कडेचं वर्तुळ. मी विचारलं, “ही पेशी का?” मॅडम म्हणाल्या, हा हवेचा बुडबुडा, आणि नव्या माणसाला सगळ्यात आधी तोच दिसतो. पाण्यातून हवेत शिरताना उजेड इतका वाकतो, की बुडबुड्याच्या कडेचे किरण भिंगात पोचतच नाहीत, म्हणून कड काळी. स्लाइडवर जे सर्वांत उठून दिसतं ते बहुधा पेशी नसतं, हा पहिला धडा. बुडबुडा, धुळीचा कण, कापसाचा तंतू, काचेवरचा ओरखडा हे सगळं आधी डोळ्यात भरतं. आयपीस नुसता फिरवून बघायचा. डाग त्याच्याबरोबर फिरला तर तो आयपीसवरचा.

प्रयोगशाळेत मामा होते. कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या मामांना किती माहीत असतं हे त्या इमारतीबाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं, म्हणून इथे मुद्दाम लिहिते. त्यांनी पहिलं सांगितलं, “ताई, दुसरा डोळा मिटू नका. दोन्ही उघडे ठेवा, एकाने बघा.” सुरुवातीला टेबल आणि पेशी एकमेकांवर चढल्यागत झाले, मग हळूहळू टेबल मागे गेलं. मिटलेला डोळा दहा मिनिटांत दुखू लागतो आणि बघणारा माणूस बघणंच सोडून देतो. दुसरं म्हणजे ऑब्जेक्टिव्हवरच्या रंगीत पट्ट्या: लाल 4 पट, पिवळी 10 पट, निळी 40 पट, पांढरी 100 पट. आयपीस 10 पटीचा, म्हणजे एकूण 40 पासून 1,000 पटींपर्यंत. “लालपासून सुरू करा. आणि निळी लावली की मोठ्या स्क्रूला हात नाही.” कारण निळ्या भिंगाचं टोक काचेपासून अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर असतं, बस.

निळीवर यायची मला फार घाई होती. पण लाल भिंगात साडेचार मिलिमीटर रुंदीचा मुलूख दिसतो आणि निळ्यात अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. जितकं मोठं, तितकं थोडं, आणि तितकंच अंधारं. त्यात चित्र उलटं. स्लाइड उजवीकडे सरकवली की दृश्य डावीकडे पळतं. हाताला याची सवय होईपर्यंत हवी ती जागा पुन्हा पुन्हा निसटत राहते.

सगळ्यात जास्त गोंधळ उजेडाने घातला. माझ्या हिशेबी जास्त उजेड म्हणजे जास्त दिसणं. आरसा नीट लावला, डायफ्राम पूर्ण उघडला, आणि कांद्याचा पापुद्रा नाहीसा झाला. मॅडमनी डायफ्रामची कळ हळूहळू बंद केली. वर्तुळ मंद होत गेलं आणि त्या मंदपणातून रेघा वर आल्या, एकमेकींना चिकटलेल्या लांबट खणांच्या. कळ पुन्हा उघडली, खण गेले. बंद केली, आले. कारण साधं आहे. पेशी जवळजवळ पाण्याची आणि ती पाण्यातच ठेवलेली. उजेड तिच्यातून आरपार जातो, अडतच नाही. झोत बारीक केला की कडांपाशी वाकणारा थोडासा उजेड वेगळा पडतो आणि आकार कळतो. पण फार बारीक केला तर कडा जाड होतात आणि बारकावे पुसले जातात. या दोन्हींच्या मधली जागा प्रत्येक स्लाइडला, प्रत्येक भिंगाला नव्याने शोधावी लागते. माझ्या मते मायक्रोस्कोप शिकणं म्हणजे मुख्यतः ती कळ शिकणं. शाळेत हे उपकरण कपाटातून निघतंच कमी, आणि निघालं तर चाळीस मुलांच्या रांगेत प्रत्येकाला काही सेकंद मिळतात. तेवढ्यात बुडबुडाच दिसणार. एका मुलाला एका स्लाइडपाशी तासभर बसू द्यायला हवं, असं मला अगदी कळकळीने वाटतं.

मग आयोडीन. कव्हरस्लिपच्या एका कडेला एक थेंब, दुसऱ्या कडेला टिपकागद, म्हणजे कागद पाणी ओढतो आणि आयोडीन आपोआप आत जातं. थोड्या वेळाने प्रत्येक खणात पिवळसर तपकिरी ठिपका उमटला: केंद्रक. काही पेशींत तो कडेला दबलेला, काहींत बरोबर मधोमध. एकाच पापुद्र्यातल्या, शेजारशेजारच्या पेशी, मग जागा वेगळी का? मॅडमनी उत्तर दिलं नाही. बारीक स्क्रू किंचित पुढे-मागे फिरवायला सांगितला. फिरवला तर मधोमधचा ठिपका धूसर झाला आणि पेशीची खालची बाजू स्पष्ट झाली. उलट फिरवला, ठिपका परत आला, आणि तेव्हा कडेचे काही ठिपके विरघळले. निळं भिंग एका वेळी जेमतेम एक-दोन मायक्रॉन जाडीचा थर स्पष्ट दाखवतं, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्या मानाने पेशी चांगली खोल असते. म्हणजे मी चपटा खण पाहत नव्हते, एका खोलीकडे छतावरून बघत होते. कांद्याच्या पेशीत रिक्तिकेने जवळजवळ सगळी जागा व्यापलेली असते, केंद्रक तिच्या रेट्याने भित्तिकेला टेकलेलं असतं. बाजूच्या भित्तिकेला टेकलं तर ते कडेला दिसतं, वरच्या किंवा खालच्या भित्तिकेला टेकलं तर मधोमध. हे उमगलं आणि त्या रेघांना एकदम जाडी आली. आता तो पापुद्रा मला पुन्हा सपाट दिसत नाही.

पण बाकीचं कुठे होतं? तंतुकणिका, गॉल्जी, लयकारिका? भिंग बदलून, कळ हलवून पाहिलं. काही नाही. भित्तिका, केंद्रक, आणि पेशीद्रव्यात सरकणारे काही बारीक कण. मी मॅडमना म्हटलं, पुस्तकात आहे ते यात नाही. त्यांनी जे सांगितलं ते त्या दिवशी पूर्ण समजलं नाही, नंतर वाचून समजलं. पुस्तकातली ती पेशी आजवर कुणीही एका नजरेत पाहिलेली नाही. ती शेकडो लोकांच्या बघण्याची बेरीज आहे, तीन शतकांहून जास्त काळाची.

रॉबर्ट हूकने 1665 साली ‘मायक्रोग्राफिया’त बुचाच्या कापाचं चित्र छापलं. बूच म्हणजे मेलेली साल, त्यामुळे त्याला दिसल्या त्या रिकाम्या भित्तिका. त्याने काम मात्र माझ्या आवडीचं केलं. पेशी मोजल्या, आणि एका घन इंचात त्या सव्वाशे कोटींच्या वर भरतील असा हिशेब मांडला. डेल्फ्टचा कापडव्यापारी लेव्हेनहुक त्यानंतर दहाएक वर्षांत एकाच छोट्या भिंगातून तळ्याच्या पाण्यातले जिवंत जीव पाहत होता. पण पेशीतल्या त्या ठिपक्याला केंद्रक म्हणून ओळख मिळाली ती 1831 मध्ये, रॉबर्ट ब्राउनने ऑर्किडच्या पेशी पाहताना. कॅमिलो गॉल्जीने 1898 मध्ये घुबडाच्या चेतापेशी चांदीच्या क्षारांनी रंगवल्या आणि त्यांत जाळी दिसली. ती खरीच तिथे आहे की रंगवण्यातून तयार झाली, यावर अर्धशतक वाद चालला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने 1950च्या दशकात तो मिटवला. वाद इतका लांबायला कारण होतं. एर्न्स्ट आबेने 1873 मध्येच दाखवून दिलं होतं की, उजेडाच्या लहरीच ठरावीक लांबीच्या असल्याने साधारण 0.2 मायक्रॉनपेक्षा जवळ असलेले दोन बिंदू साध्या मायक्रोस्कोपमधून वेगळे दिसणारच नाहीत, मग भिंग कितीही पटीचं असो.

आणि लयकारिका तर आधी कुणी पाहिलीच नव्हती. ती हिशेबात सापडली. बेल्जियममध्ये ख्रिस्तियाँ द दूव्ह आणि त्याचे सहकारी 1949 साली उंदराच्या यकृतातल्या एका एन्झाइमचं मोजमाप करत होते. पेशी हळुवार फोडून मोजलं, तर असायला हवं त्याच्या दहाव्या हिश्शाएवढंच भरलं. नमुना फ्रिजमध्ये राहिला, पाच दिवसांनी पुन्हा मोजला, तर पुरेपूर. गल्ला संध्याकाळी कमी भरावा आणि चार दिवस कुलपात राहून पूर्ण भरावा, तसं. दुसऱ्या कुणी चुकीचं मोजमाप म्हणून सोडून दिलं असतं. हे लोक थांबले. एन्झाइम कुठल्या तरी पिशवीत बंद आहे आणि पिशवी फुटल्यावर बाहेर येतं, असा तर्क त्यांनी काढला, आणि 1955 मध्ये त्या पिशवीला लायसोसोम हे नाव मिळालं. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. न जुळणाऱ्या आकड्यापाशी थांबून राहिलं तर त्यातून जीवशास्त्र निघू शकतं, हे मला कुणी कॉमर्सला शिकवलं नव्हतं.

माझ्या आकड्याकडे मला नेलं ते लाल कांद्याने. त्याच्या मांसल पाकळीच्या बाहेरच्या अंगाला जांभळा पापुद्रा असतो. तो जांभळा रंग पेशीच्या रिक्तिकेतल्या पाण्यात विरघळलेला असतो, म्हणून इथे आयोडीनची गरज नाही, कांद्याने स्वतःच पेशी रंगवून ठेवलेली असते. पिवळ्या भिंगाखाली जांभळे भरलेले खण, कडेपासून कडेपर्यंत गच्च. मामांनी मिठाच्या दाट पाण्याचा थेंब एका कडेला सोडला, दुसऱ्या कडेला टिपकागद लावला.

आधी काहीच झालं नाही. मग एका पेशीचा जांभळा रंग कोपऱ्यापासून सुटला. कोपरा पांढरा. मग दुसरा कोपरा. रंग आत सरकू लागला, गडद होत गेला, त्याची कड गोलावत गेली. शेजारच्या पेशीत तेच, पलीकडच्या पेशीत तेच. मिठाचं पाणी ज्या दिशेने येत होतं त्या दिशेने ही ओळ पुढे जाताना दिसत होती. काही वेळाने सगळ्या खणांच्या मधोमध गडद जांभळे गोळे उरले, आणि भित्तिका जशाच्या तशा. याला रससंकोच म्हणतात. कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर परातीत पाणी सुटतं तेही या परासरणानेच. वर्षानुवर्षं लोणचं घालताना ते पाणी मी पाहिलं होतं, पण ते येतं कुठून हे या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

एक प्रश्न मात्र अडकला. गोळा आत सरकला, भित्तिका तिथेच, मग मधल्या जागेत काय आहे? पोकळी? हवा? मॅडमना हा प्रश्न इतका आवडला की त्यांनी सगळ्या वर्गाला थांबवलं. तिथे मिठाचं पाणी असतं. भित्तिका सच्छिद्र आहे, तिच्यातून पाणीही जातं आणि मीठही. अडवते ती आतली प्रद्रव्यपटल नावाची झिल्ली, काही नॅनोमीटर जाडीची, या मायक्रोस्कोपमधून कधीच न दिसणारी. ती पाणी सोडते आणि मीठ सोडत नाही. म्हणजे त्या जांभळ्या गोळ्याच्या कडेवर मला जे दिसत होतं ते झिल्लीचं काम होतं, झिल्ली नव्हे. न दिसणारी गोष्ट तिच्या कामावरून ओळखायची, हे मला त्या कडेने शिकवलं.

मग मामांनी साधं पाणी सोडलं. गोळे फुगले, रंग फिका होत भित्तिकांपर्यंत परत गेला. सगळे नाही गेले. काही पेशींत रंग एकदम पसरून फिकट झाला आणि पुन्हा हलला नाही. झिल्ली फाटली, ती पेशी मेली. जिवंत आणि मेलेलं यांतला फरक मी माझ्या डोळ्यांनी इतका स्वच्छ याआधी कधी पाहिला नव्हता: जिवंत पेशी आत काय येऊ द्यायचं ते ठरवते, मेलेली ठरवत नाही.

मी लगेच विचारलं, चाळीतली घट हीच का? मॅडम म्हणाल्या, जवळजवळ, पण नेमकी नाही. चाळीत मीठ नाही, हवा आहे. कोरडी हवा पाणी ओढते, पण ती स्वतः भित्तिका आणि झिल्लीच्या मध्ये शिरू शकत नाही, त्यामुळे भित्तिकाही झिल्लीबरोबर आत ओढली जाते. कांदा लोळागोळा होतो, सुरकुततो. कांद्यात शंभरातले पंच्याऐंशीहून जास्त भाग पाणीच, त्यामुळे वजन पटकन उतरतं. ते अडवतात वरच्या वाळलेल्या साली. काढणीनंतर कांदा पातीसकट सुकवायचा, मान बारीक होऊ द्यायची, मग चाळीत भरायचा, हे शेतकरी का करतो ते इथे कळलं. मामांनी अशीच एक साल पोलरॉइडच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवून दाखवली. मेलेल्या, कोरड्या पेशी, आणि त्यांत चमकणारे लांबट, काटकोनी स्फटिक, कॅल्शियम ऑक्झलेटचे. खळ्यावर पायाखाली रोज ढिगांनी उडणारी फोलपटं ती.

पाण्याशिवाय आणखी एक गळती असते. कांदा श्वास घेतो, साठवलेली साखर जाळतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतो. ते काम तंतुकणिकांचं. जानस ग्रीन नावाचं रंगद्रव्य त्यांना निळसर हिरवं करतं. पांढऱ्या पट्टीच्या भिंगाखाली, तेलाच्या थेंबातून, मला ते अगदी बारीक हलते ठिपके दिसले. म्हणजे मॅडमनी ‘हेच ते’ म्हटल्यावर दिसले. याहून जास्त खात्रीने सांगता येणार नाही.

सडीबद्दल थोडक्यात. कांद्याच्या सालीखाली जी काळी काजळी धरते ती बुरशी. पारदर्शक चिकटपट्टी काजळीवर अलगद टेकवून स्लाइडवर चिकटवली की पुरतं. तोंडाला मास्क लावून, कारण बीजाणू हवेत उडतात. एकेका बारीक दांड्यावर एकेक काळा गोंडा, आणि गोंडा म्हणजे चार-पाच मायक्रॉनच्या असंख्य गोल बीजाणूंची रास. ‘खाद’ म्हणून आम्ही जो माल वेगळा काढतो त्यातल्या एका ठिपक्यावर इतके जीव बसलेले असतात. त्यानंतर खळ्यावर काजळी धरलेल्या कांद्यांची गोणी शेजारच्या ढिगाला टेकवून ठेवलेली दिसली की मी उठून हलवायला लावते.

राहिले कोंब. कोंब वाढतो तो पेशी दुभंगून, आणि ते दुभंगणं मुळाच्या टोकात सहज पाहता येतं, म्हणून मॅडमनी मुळं घ्यायला लावली. बाटलीच्या तोंडावर कांदा ठेवायचा, बूड पाण्याला जेमतेम टेकलेलं. दोन-तीन दिवसांत पांढरी मुळं फुटतात. सकाळी त्यांची शेवटची एक-दोन मिलिमीटर टोकं कापायची, तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ॲसेटिक ॲसिडच्या मिश्रणात ठेवायची, म्हणजे पेशी ज्या अवस्थेत असेल त्याच अवस्थेत थांबते. मग सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये जरा गरम करायची, म्हणजे पेशी एकमेकींपासून सुटतात. मग ॲसेटोकार्मिन. हा लाल रंग मेक्सिको-पेरूकडच्या निवडुंगावर वाढणाऱ्या किड्यापासून मिळतो. शेवटी कव्हरस्लिपवर टिपकागद ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाब द्यायचा, काच तिळभरही न सरकवता. मामांचा अंगठा याबाबतीत सगळ्या विभागात नावाजलेला. त्यांच्या स्लाइडमध्ये पेशी एका थरात पसरतात.

बहुतेक पेशींत गोल लाल केंद्रक, बाकी काही नाही. ओळीमागून ओळी तेच. मग एका पेशीत केंद्रकाच्या जागी गुंतलेले दोरे दिसले. थोडं पुढे दुसरीत आखूड, जाड कांड्या मधोमध रांगेत उभ्या. आणि तिसरीत त्यांचे दोन गट, एकमेकांपासून दूर निघालेले, टोकं मागे रेंगाळलेली. कांद्याची गुणसूत्रं 16. विभाजनात प्रत्येकाची प्रत झालेली असते, दोन्हीकडे सोळा-सोळा जातात. मी मोजायचा प्रयत्न केला, ती एकमेकांवर चढलेली होती. मामांची एक चांगली पसरलेली पेशी मिळाली तेव्हा मोजली. सोळा भरली. माझ्या सबंध नोकरीत कुठलीही मोजणी जुळल्यावर इतका आनंद झालेला नाही. कांदा या कामाला सोपा का, तर त्याची गुणसूत्रं मोठी आहेत. कांद्याच्या एका जनुकसंचात माणसाच्या साधारण पाचपट डीएनए असतो. का, ते मॅडमना विचारलं. त्यातला फार मोठा भाग पुन्हा पुन्हा आलेल्या मजकुराचा आहे, त्या म्हणाल्या.

आता कोंबाकडे. काढणीनंतर काही आठवडे कांदा झोपेत असतो, आतल्या कोंबाच्या टोकाला असं विभाजन जवळजवळ थांबलेलं असतं. उन्हाळ्याच्या कडक उष्णतेत ते दबूनच राहतं. पावसाळा सरताना हवा गार होते, झोप पुरी झालेली असते, आणि पेशी दुभंगू लागतात. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये चाळीत हिरवी टोकं दिसतात आणि माझ्या वहीत घट वाढते. लासलगावलाच भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं कृषक विकिरण केंद्र आहे. कोबाल्ट-60च्या गॅमा किरणांतून कांदा तिथे नेला जातो तो याच टोकासाठी. मात्रा थोडीच असते. पाकळ्यांतल्या पेशी, ज्यांना आता दुभंगायचंच नाही, त्या जगत राहतात, श्वास घेतात, पाणी धरतात. कोंबाच्या टोकातल्या पेशींच्या डीएनएला मात्र इजा होते आणि त्यांना नीट दुभंगता येत नाही. कांदा जिवंत राहतो, कोंब येत नाही. हे काढणीनंतर लवकर, झोप मोडायच्या आत करावं लागतं. त्या प्रक्रियेचा खर्च मी वहीत चढवला आहे, आणि तो कशावर होतो हे मला माहीत नव्हतं. आता त्या ओळीपाशी आले की मला लाल कांड्यांचे ते दोन गट दिसतात.

मला हे टोक प्रत्यक्ष पाहायचं आहे. मुळाचं टोक उघड्यावर असतं, कोंबाचं टोक कांद्याच्या पोटात, बुडाच्या तबकडीवर, पाकळ्यांनी वेढलेलं. अंगठ्याच्या दाबाने ते काम होत नाही. मेणात बसवून मायक्रोटोमने पातळ काप काढावे लागतात, एकापाठोपाठ एक, आणि मधला नेमका काप हाती लागावा लागतो. मॅडम म्हणाल्या, यंत्र आहे, दोन-तीन आठवडे लागतील, आणि नमुने तुम्ही आणा. म्हणून यंदा शेठना सांगून चाळीच्या एका कोपऱ्यात उन्हाळ कांद्याची एक गोणी वेगळी ठेवली आहे. दर पंधरवड्याला तिच्यातले चार कांदे वजन करून नाशिकला न्यायचे, आणि वजनाच्या आकड्यासमोर त्या टोकातल्या दुभंगणाऱ्या पेशींचा आकडा लिहायचा. त्यासाठी वहीत एक नवा रकाना आखला आहे.